धाडचं खातं, बुलढाण्याचं कार्ड

धाडच्या बाजारात त्या दिवशी आम्ही दोघं संगं गेलो ते शेवटचं. तेव्हा हे माहीत नव्हतं, म्हणून काही खास केलं नाही. जीपमध्ये ती बायांच्या बाजूनं बसली, मी मागं दांडीले धरून उभा राह्यलो. तिनं वांगी घेतली, लसूण घेतला, अंगण झाडायले एक फडा घेतला अन् फडेवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडली. मी तोवर लिंबाखाली बसून चहा पेलो. मग आम्ही किराणा दुकानात गेलो. आमचं तिथं तीस-पस्तीस वर्षांचं खातं. गणेशची माय, म्हणजे माझी बायको, दर महिन्याले तिथं हिशेब चुकता करायची. त्या महिन्याचे अठराशे बावन्न झाले होते. तिनं अठराशे एक्कावन्न मोजून देले अन् पिशवी उचलली. दुकानदार हसला अन् एक रुपया बाकी म्हणून लिहून घेतला. दर महिन्याले हेच चाले.

मी रस्त्यात तिच्यावर खेकसलो. एका रुपयासाठी लोकांच्या वहीत नाव काऊन ठेवते म्हटलं.

ती म्हणे, "खातं कोरं केलं की येणं-जाणं सरते जी. एक रुपया राहू द्या. त्याले आपली आठवण राहते."

मी तिले येडी म्हटलं. ती फडा खांद्यावर टाकून पुढं निघून गेली. जीपमध्ये बोलली नाही, पण संध्याकाळी वांग्याची भाजी चांगली केली.

चौथ्या दिवशी सकाळी सडा टाकता टाकता ती अंगणात खाली बसली, ते उठली नाही. शेजारच्या पोराच्या गाडीत घालून बुलढाण्याले आणलं. दवाखान्यात पह्यले पैसे भरा म्हणाले. माझ्या खिशात दोनशे साठ रुपये. पैसे नव्हते असं नाही. घरी कोठीत ज्वारीच्या खाली डब्यात तीस हजार होते. पण पैसे गावात अन् मी बुलढाण्यात. शेजाऱ्याच्या पोरानं मोबाइलवरून भरले. मागून डॉक्टरनं सांगतलं की ती रस्त्यातच गेली होती, लवकर पैसे भरले असते तरी काही फरक पडला नसता. मले ते पटलं. गणेशले पटलं नाही.

गणेश माझा एकुलता एक. चाकणले कंपनीत आहे, पुण्याकडंच घर घेतलं, सून तिकडची. तेरावं झाल्यावर तो म्हणे, बाबा सामान बांधा. मी म्हटलं, पुण्यात मी काय करू? तिथं माझ्याशी बोलणारं कोणी नाही, अन् तुमच्या चौथ्या मजल्यावरून खाली पाह्यलं की मले भिंतीचा ओळंबा तिरपा दिसते. मी गवंडी आहे, चाळीस वर्षं घरं बांधली, मले दिसते ते दिसते. सून हसली. तो हसला नाही.

पण गावातही मन लागेना, हे खरं. लोक वाईट नाहीत. उलट चांगले आहेत, म्हणूनच जड गेलं. जो येई तो विचारे, जेवले का? पुतण्याची बायको दोन टाइम ताट आणून ठेवे अन् मी खातो की नाही ते दारात उभी राहून पाहे. मी सत्तरीतला माणूस, लहान लेकरासारखा वाटायले लागलो. एक दिवस मी कुलूप लावलं, किल्ली पुतण्याच्या हातात देली, पत्र्याची पेटी अन् गादी घेतली अन् एसटीत बसलो. बुलढाण्यात एक ठेकेदार आहे, त्याच्या हाताखाली पह्यले काम केलं होतं. त्यानं मले साइटवर देखरेखीले ठेवलं. धाड नाक्याजवळ एका रिटायर मास्तरीणबाईंच्या घरामागं खोली मिळाली. देशमुखबाई त्यांचं नाव. त्याही एकट्याच राहतात.

गावातले तुम्ही सगळे विचारता की बुढा तिथं शहरात काय करते, पोराकडं काऊन जात नाही. अन् जे तुम्ही माझ्यासारखे बाहेर पडले, कोणी सुरतले, कोणी पुण्याले, तुम्हालेही हे माहीत असावं. म्हणून सांगतो. लाजण्यासारखं त्यात काही राह्यलं नाही.

गणेशनं मले एक वर्ष देलं. शर्त अशी की माझ्या खिशात असं काही पाहिजे, जे कुठंही, कधीही चालेल. त्याच्या मते ते म्हणजे क्रेडिट कार्ड. मोबाइलवरून पैसे देता येतात हे मलेही माहीत आहे, पण खात्यात असतील तेवढेच. दवाखान्यात पन्नास हजार मागितले तर? त्यानं आपल्या कार्डाले जोडून माझ्या नावाचं एक कार्ड पाठवलं. बिल त्याले जाणार, वापरणार मी. मी ते पाकीट परत पाठवलं. मी शेगावले जाऊन दोन कचोऱ्या खाल्ल्या तरी याच्या मोबाइलवर घंटी वाजणार. बापानं कचोरी खाल्ली हे पोराले काऊन कळावं?

मग तो चिडून म्हणे, स्वतःचं काढा. वर्षात स्वतःच्या नावाचं कार्ड काढून दाखवा, नाहीतर मी येतो अन् पेटीसकट उचलून नेतो.

मले वाटलं हे तर सोपं आहे. माझ्यासारखा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. जन्मात कोणाचं कर्ज घेतलं नाही. सोसायटीचं नाही, बँकेचं नाही, सावकाराचं तर नाहीच. हे मी चारचौघात छाती काढून सांगत आलो, तुम्ही ऐकलंच आहे.

बँकेत पल्लवी नावाची एक पोरगी बसते, चिखलीकडची. तिनं माझं पॅन कार्ड घेतलं, मशीनमध्ये पाह्यलं अन् म्हणे, काका, तुमची कुठं नोंदच नाही. मी विचारलं, चांगली नाही की वाईट नाही? ती म्हणे, नाहीच. ज्यानं कधी घेतलं नाही, त्यानं फेडलं की नाही हे मशीनले कसं कळेल?

मी तिले म्हटलं, पोरी, तुझ्या बँकेच्या मागची कंपाउंडची भिंत पाह्यली का? ती मी बांधली. बावीस वर्षं झाली, एक तडा नाही.

तिनं खिडकीतून खरंच वाकून पाह्यलं. म्हणे, "भिंत मजबूत आहे काका. पण भिंतीवर तुमचं नाव नाही ना."

मले राग आला. मी बाहेर आलो. आता इथं मी एक चूक केली, ती सांगतो. पोरीसाठी स्थळ पाहताना आपण काय करतो? एका घरून नाही आलं तर दुसऱ्या घरी जातो, दुसऱ्यानं नाही म्हटलं तर तिसरीकडं. त्यात कमीपणा नाही. तसाच मी फिरलो. दुसऱ्या बँकेत गेलो, तिसऱ्या बँकेत गेलो. बसस्टँडजवळ मोठी छत्री लावून दोन पोरं कार्डाचे फॉर्म भरत होती, त्यांच्याकडं दोन फॉर्म भरले. एका आठवड्यात चार ठिकाणी मागणी घातली अन् चारी ठिकाणून नाही आलं. पल्लवीकडं परत गेलो तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. मशीनमध्ये आता माझी नोंद झाली होती. नोंद अशी, की हा माणूस घाईघाईनं दारोदार मागून राह्यला. जिथं जिथं फॉर्म भरतो तिथं तिथं लिहिलं जाते, अन् पुढचा ते वाचते. आता सहा महिने कुठंच मागू नका, ती म्हणे.

मी म्हटलं, मग वर्ष तर सरलं.

तेव्हा तिनं विचारलं, घरात कोणीच कधी कर्ज घेतलं नाही का? मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं अन् थांबलो. घेतलं होतं. गणेशच्या मायनं घेतलं होतं. बचत गटातून शेळ्या आणल्या ते तिच्या नावावर. पाइपलाइन टाकली ते तिच्या नावावर. गणेशची आयटीआयची फी, तीही. ती दर सोमवारी गटात जाऊन हप्ता भरे, अन् मी पारावर बसून सांगे की आमच्या घरी कर्ज नाही. घेणारी ती, फेडणारी ती, अन् छाती माझी. चाळीस वर्षं हे माझ्या ध्यानात आलं नाही. बँकेच्या त्या खुर्चीवर आलं.

पल्लवी म्हणे, काकूंची नोंद चांगली असणार.

मी म्हटलं, असंल. पण ती नाही आता.

मग तिनंच रस्ता सांगतला. तुमचेच पैसे बँकेत मुदतीनं ठेवा, त्याच्यावर बँक कार्ड देते. पंचवीस हजार ठेवले तर वीस हजारांपर्यंत खर्च करता येईल. तुम्ही बुडवलं तर बँक तुमच्याच पैशातून कापून घेईल, म्हणून बँकेले भीती नाही. पण नोंद सुरू होईल. मी म्हटलं, माझेच पैसे, मलेच उधार, वर तुमचा उपकार? ती म्हणे हो, तसंच समजा. मले तिचं ते सरळ बोलणं आवडलं.

कोठीतला डबा गावाहून आणला. नोटांना ज्वारीचा वास होता, कॅशियरनं दोन वेळा मोजल्या. फॉर्मवर बायकोचं नाव विचारलं. जन्मात मी ते तोंडानं घेतलं नव्हतं, तिच्यासमोरही नाही, मागंही नाही. काउंटरवर मागं दहा लोक उभे. मी म्हटलं, गिरजा. पल्लवीनं लिहून घेतलं. तिले त्यात काहीच वाटलं नाही, अन् तेच बरं झालं.

मग आठ दिवसांनी बँकेचा फोन आला. खात्रीसाठी तुमच्या आईचं नाव सांगा म्हणे. मी त्याले विचारलं, तुले माझ्या मायशी काय करायचं? ती जाऊन तीस वर्षं झाली. तो पोरगा हसला अन् म्हणे, काका, आमच्या आईचं नाव पण बँक विचारते. मग मी सांगतलं.

कार्ड आलं ते पाकिटातून, टपालवाल्यानं सही घेऊन देलं. पाकिटावर माझं पूर्ण नाव अन् बुलढाण्याचा पत्ता. ह्या पत्त्यावर माझ्या नावानं आलेला तो पह्यला कागद. पह्यल्यांदा मी कुकर घेतला. गावात दोन माणसांचा भात भगोन्यात होई, एका माणसाचा लागते खाली. दुकानदारानं मशीन समोर धरलं, मी चार आकडे दाबले, चिठ्ठी निघाली. मी उभाच. तो म्हणे, काय राह्यलं काका? मी म्हटलं, वहीत लिही ना. तो म्हणे, लिहिलं गेलं. कुठं लिहिलं गेलं ते काही दिसलं नाही. धाडचा दुकानदार आपल्यासमोर लिही, वही आपल्याकडं फिरवून दाखवे. इथं विश्वास ठेवायचा तो त्या चिठ्ठीवर.

पल्लवीनं मले चार गोष्टी सांगतल्या होत्या. वीस हजारांपर्यंत खर्च करता येते म्हणून तेवढा करायचा नाही, सहा-सात हजारांच्या आत राहायचं. कार्डानं एटीएममधून रोख काढायची नाही. तारखेच्या आत बिल भरायचं. अन् आता कुठं फॉर्म भरायचा नाही. मी सगळं पाळलं. तेल, डाळ, गोळ्या-औषध, एवढंच कार्डावर. साइटवर पाणी मारायले उभा राह्यलो तरी बिलाची तारीख डोक्यात. पहा, तारखेच्या आत भरा म्हटलं तिनं. पूर्ण भरा, एक पैसा ठेवू नका, हे तिनं सांगतलं नाही. तिले वाटलं असंल, हे कोणाले सांगावं लागते का?

पह्यलं बिल आलं एकवीसशे शेहेचाळीस रुपयांचं. मी काउंटरवर गेलो अन् एकवीसशे पंचेचाळीस भरले. कॅशियर म्हणे, काका, एक रुपया कमी आहे. मी म्हटलं, राहू दे. त्याले वाटलं सुटा नाही. खरं सांगतो, तेव्हा मले तिची आठवण आली म्हणूनही मी केलं नाही. हात आपसूक थांबला. नवं खातं उघडलं, ते एका महिन्यात कोरं कसं करावं? संध्याकाळी काम थांबवताना आम्ही गवंडी भिंतीचं टोक सपाट करत नाही. एक आड एक वीट बाहेर ठेवतो, म्हणजे उद्याची भिंत आजच्या भिंतीले धरते. तसंच ते. मले बरोबर वाटलं.

तीन महिने मी असं केलं. दर महिन्याले बिल थोडं फुगून येई. मले वाटे बँकेची काही फी असंल.

चौथ्या महिन्यात देशमुखबाईंनी बिल पाह्यलं. त्या रोज दुपारी ओसरीत पेपर वाचतात अन् मले मोठ्यानं वाचून दाखवतात, मले चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी विचारलं, शेषरावजी, हे व्याज कसलं? मी म्हटलं, व्याज कसं येईल, मी तर वेळेवर भरतो. त्यांनी तिन्ही बिलं मागितली, पेन्सिल घेतली. निघालं असं, की एक रुपया जरी बाकी ठेवला तरी पूर्ण भरल्याची सूट जाते, अन् ज्या दिवशी कुकर घेतला, तेल घेतलं, त्या दिवसापासून सगळ्यावर व्याज लागते. तीन रुपयांपायी अडीचशे गेले होते.

बाईंनी विचारलं की तुम्ही मुद्दाम कमी भरता का. मी सांगतलं. धाडची गोष्ट सांगतली. त्यांनी पेन्सिल पेपरवर ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, तो रुपया किराणावाल्याकडे ठेवायचा असतो. बँकेत तुमची वाट बघणारं कोण आहे?"

मले ते लागलं. मी तडक बँकेत गेलो अन् पल्लवीले म्हटलं, बंद कर हे, माझे पंचवीस हजार परत दे. ती समजावत होती, मी ऐकलं नाही. ज्या घरात एक रुपयाची ओळख राहत नाही तिथं मले नांदायचं नाही, असं काहीतरी मी बोललो. लोक पाहत होते. तिनं अर्ज घेतला अन् म्हणे, पॅन कार्डाची झेरॉक्स लागेल, सोमवारी घेऊन या. मग मी गणेशले फोन लावला. बंद केलं म्हटलं, तू जिंकला. तो खुश झाला असं नाही, पण सुटल्यासारखा बोलला. मंगळवारचं तिकीट काढतो म्हणे.

पेटी भरायले काय लागते, एक घंटा. मग गुरुवारी मी धाडले गेलो. जायच्या आधी तिथलं तिचं खातं मिटवायचं होतं. जे तिचं म्हणून कुठं कुठं राह्यलं, ते आवरून जावं, एवढंच मनात.

दुकानदारानं वही काढली. आता त्याच्या गल्ल्यावर मोबाइलवाला चौकोन चिकटवलेला आहे, पण वही तीच. त्यानं पान फिरवून मले दाखवलं. तिच्या नावापुढं एक रुपया. मी खिशातून रुपया काढून ठेवला. त्यानं तो परत माझ्याकडं सरकवला.

तो म्हणे, "भाऊ, हे नाही घेत मी. काकूंनी ठेवला तो काही विचार करून ठेवला. तुम्ही सामान घ्या."

सामान तर मले नको होतं. मंगळवारी पुण्याले जाणारा माणूस सामान काय घेईल? पण त्याच्याशी वाद घालता येईना. मी अर्धा किलो गूळ घेतला, एक किलो शेंगदाणे घेतले. त्यानं त्याच पानावर तिच्या रुपयाच्या खाली लिहिलं. हिशेब झाला. मी पैसे मोजले, अन् एक रुपया कमी देला. तो हसला नाही. वही मिटली अन् विचारलं, "मग पुढच्या महिन्यात येता ना?"

मी हाव, येतो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. मग एसटीत बसलो अन् गूळ-शेंगदाणे खात विचार केला. पुढच्या महिन्यात येतो म्हटलं तर पुण्याहून कसं यायचं? बुलढाण्याहून तास लागते. अन् बाई बोलल्या ते खरंच आहे. धाडचा दुकानदार एक महिना मी दिसलो नाही तर कोणाले तरी विचारेल. बँक विचारणार नाही, ती नुसती व्याज लावेल. त्यात बँकेचा गुन्हा नाही. तिचा कायदा तिच्या जागी, गिरजाचा तिच्या जागी. मी एकीचा दुसरीकडं लावत होतो, जसं कोणी मातीच्या भिंतीले सिमेंटचा गिलावा करावा अन् मग तडा गेला म्हणून मातीले शिव्या द्याव्या.

सोमवारी मी पॅन कार्डाची झेरॉक्स न घेता बँकेत गेलो. पल्लवीनं खणातून माझा अर्ज काढला. तिनं तो पुढं पाठवलाच नव्हता. झेरॉक्सची तर गरजच नव्हती, म्हणे. ती माझ्या डोक्याले थंड व्हायले चार दिवस देऊन राह्यली होती. अर्ज तिनं माझ्यासमोर फाडला. मी सगळं बिल व्याजासकट भरलं, वरचे पैसेही. कॅशियरनं मुद्दाम विचारलं, काका, एखादा रुपया ठेवायचा का? मी त्याले म्हटलं, तुझ्या लग्नात आहेरात टाकतो, आता पावती दे.

गणेश चिडला. तिकिटाचे पैसे कापले गेले म्हणे. मी म्हटलं, माझ्या कार्डावर टाक. पण शर्त वर्षाची होती अन् वर्ष सरलं नव्हतं, एवढं त्यानं मानलं.

पुढचे महिने काही सांगण्यासारखे नाहीत, अन् तेच त्यातलं चांगलं. बिल आलं की भरायचं, पूर्ण. महिन्यातून एका गुरुवारी धाड. तिथं एक रुपया ठेवून यायचं. दुपारी बाईंचा पेपर ऐकायचा. त्यांचं नळाचं बेसिन गळत होतं, मी नीट केलं. त्यांनी मले चकल्या देल्या, मी त्यांना गावाहून तुरीची डाळ आणली. साइटवर पोरं मले कार्डवाले काका म्हणायले लागली. त्यातल्या दोघांनी माझं पाहून पाच-पाच हजार मुदतीनं ठेवले. त्यांना मी पह्यलीच गोष्ट सांगतली, की छत्रीवाल्याकडं जाऊ नका, अन् बिलात एक पैसा ठेवू नका. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या माणसाले कोणी काही विचारावं, हे ती असताना कधी झालं नव्हतं. लोक तिलेच विचारत.

अकराव्या महिन्यात पल्लवीनं मले बोलावलं. मशीन पाह्यलं, कागद काढला. पत मोजायचा आकडा, तो होता नऊशेपैकी सातशे चौतीस. चांगला आहे का विचारलं तर म्हणे, काका, आता तुमचे मुदतीचे पैसे सोडवून घ्या, बँक तुम्हाले साधं कार्ड देईल, काही न ठेवता. पेन्शनवाले लोक इतकं पाळत नाहीत म्हणे. पुढच्या पंधरवड्यात ते कार्ड आलं. साठ हजारांपर्यंत चालते. दवाखान्यात मागितले तेवढे पैसे आता माझ्या खिशात आहेत. ज्या दिवशी पाहिजे होते त्या दिवशी नव्हते, अन् असते तरी ती राह्यली नसती. दोन्ही गोष्टी मले आता एकाच वेळेस मनात धरता येतात. आधी येत नव्हत्या.

आकड्याच्या त्या कागदावर माझ्या नावाखाली दोन पत्ते छापले आहेत. एक गावाचा, एक बुलढाण्याचा. मी देशमुखबाईंना विचारलं, यातला खरा कोणता धरतात? त्या म्हणाल्या, दोन्ही. मले वाटत होतं की गाव सोडलं म्हणजे गाव गेलं, नाहीतर इथलं राहणं खोटं. मशीनले तसं वाटत नाही. आता मलेही वाटत नाही. जिथं एक रुपया बाकी ठेवता येते तेही माझं घर, अन् जिथं पूर्ण भरून मोकळं व्हावं लागते तेही.

मी गणेशले दुपारी फोन लावला. तो जेवणाच्या सुट्टीत होता. आकडा सांगतला. त्यानं परत विचारला, मी परत सांगतला.

मग तो म्हणे, "बाबा, माझा सहाशे नव्वद आहे."

मी विचारलं, हे काऊन? तो म्हणे, घराचा हप्ता दोन वेळा लेट झाला, गाडीचा एकदा. मी म्हटलं, ये मग बुलढाण्याले, पल्लवीशी बोलून देतो, सांगेल तुले सगळं. तो हसला. माय गेल्यापासून तो माझ्याशी असा पह्यल्यांदा हसला. पाठीमागून कोणीतरी त्याले काय झालं विचारलं तर तो म्हणे, काही नाही, बाप शिव्या देऊन राह्यला. आपल्या बोलीत म्हणाला, पुण्याच्या नाही.

मग तो हळू बोलला. त्या दिवशी दवाखान्यात मी नव्हतो बाबा, म्हणून मी असा मागं लागलो. मी म्हटलं, मले माहीत आहे. तू असता तरी ती रस्त्यातच गेली होती. तो म्हणे, हो. त्यानं हो म्हटलं, हे मले सातशे चौतीसपेक्षा मोठं वाटलं. मग म्हणे, राहा तिकडं. दिवाळीले आम्ही येतो. कुठं उतरायचं, गावात की बुलढाण्यात? मी म्हटलं, पह्यले बुलढाण्यात, मग सगळे मिळून गावाले जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देशमुखबाईंना विचारलं की खोलीत स्वयंपाकाचा ओटा बांधला तर चालेल का. वर्षभर मी खाली बसून रांधत होतो, गुडघे धरायचे. त्या म्हणाल्या, भाड्याच्या खोलीत स्वतःच्या खर्चानं कोण बांधतं? मी म्हटलं, राहणारा बांधते. नाक्यावरून विटा आणल्या, अर्धं पोतं सिमेंट आणलं, विटा बादलीत भिजू घातल्या अन् दोरी ताणली. आजवर मी शेकड्यानं ओटे बांधले. सगळे त्या त्या घरच्या बाईले उभं करून, तिच्या उंचीच्या मापानं. त्या दिवशी मी स्वतः भिंतीले लागून उभा राह्यलो, आपल्या कमरेशी पेन्सिलीनं खूण केली, अन् पह्यली वीट ठेवली.